परीक्षेला नेलेले सासरे

परीक्षेला जाताना लोक पेन नेतात, पॅड नेतात, हॉलतिकीट नेतात, कुणी कपाळाला अंगारा लावून जातात. मी सासरे नेले.

हसू नका. म्हणजे हसा, पण हे सगळं नियमात बसणारं होतं. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला कॉलेज आम्ल देतं, वनस्पतिशास्त्राला पानंफुलं देतं. मानसशास्त्राला मात्र कॉलेज एक स्टॉपवॉच हातात देतं आणि म्हणतं, माणूस तुमचा तुम्ही घेऊन या. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला आमच्या पुस्तकात ‘प्रयुक्त’ म्हणतात. हा शब्द मी पहिल्यांदा घरात उच्चारला तेव्हा सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या.

“आई, मले एक प्रयुक्त पाह्यजे.”

“युक्ती?” त्यांनी मान वर न करता विचारलं. “तुह्याजवळच्या युक्त्या संपल्या कधी वं?”

“युक्ती नाही, प्रयुक्त. परीक्षेले माणूस न्या लागते सोबत.”

“मंग माणूस म्हन ना. एक तं आहे तुह्याजवळ. घरात सापडत नाही तो, दुकानातच असते.”

तो एक, म्हणजे माझे यजमान. त्यांच्याकडे येतेच, पण आधी मी या भानगडीत पडले कशी ते सांगते.

माझं वय तेव्हा सेहेचाळीस. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी सासरी, आणि मेहकरातल्या आमच्या घरात दुपारी दोन ते पाच अशी शांतता की भिंतीवरची पालसुद्धा कंटाळून दुसऱ्या खोलीत जायची. लग्नाआधी बी. ए. ला माझा विषय मानसशास्त्र होता. पुढे एम. ए. करायचं राहून गेलं, आणि राहिलं ते राहिलंच. मग एके दिवशी एसटीनं बायकांचं तिकीट अर्धं केलं. मला वाटलं, बाई गं, आता शासनाचीच इच्छा दिसते. मी बुलढाण्याच्या एका कॉलेजात नाव घातलं. वर्गातली मुलं माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी मी आत शिरले तेव्हा ती सगळी उभी राहिली. मीही थाटात हात केला, बसा म्हणाले, आणि जाऊन त्यांच्याच शेजारी बाकावर बसले. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

हे शिकून पुढे काय होतं, असं मेहकरात मला जो भेटला त्यानं विचारलं. उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं: हिला मनातलं कळतं. शेजारणीनं तर एम. ए.चं पहिलं सत्रही संपू दिलं नाही. तिच्या पुतणीला धाड गावचं स्थळ आलं होतं. ती मला जीपमध्ये घालून मुलगा पाहायला घेऊन गेली. “तुम्ही काही बोलू नका, फक्त त्याच्याकडे पाहा,” एवढीच तिची सूचना. मी दोन बशा पोहे खाल्ले आणि मुलाकडे अर्धा तास पाहिलं. मुलगा एक अक्षर बोलला नाही. मी बाहेर येऊन गंभीरपणे सांगितलं, “मुलगा फार शांत आहे.” लग्न झालं. नंतर कळलं की त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. आता दोघं सुखात आहेत, पुतणी बोलते आणि तो खर्रा खातो. शेजारीण अजून सांगत असते की मी एका नजरेत ओळखलं होतं.

पण एका जागी मात्र माझ्या शिक्षणाची खरी गरज होती. आमच्या इथल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना मुलांशी बोलायला, त्यांचं ऐकायला, आठवड्यातून दोन दिवस कुणीतरी हवं होतं. त्यांनी मला खोलीही दाखवून ठेवली. खेळाचं सामान ठेवायची खोली होती ती. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात व्हॉलीबॉलची जाळी. दारावर खडूनं ‘समुपदेशन कक्ष’ असं लिहूनसुद्धा झालं होतं. “फक्त एम. ए. पास झाल्याचा कागद आणा,” बाई म्हणाल्या. “जूनपर्यंत आणा. नाहीतर मला खोली परत जाळीला द्यावी लागेल.”

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या खडूच्या अक्षरांनी मला वेड लावलं. बाजारात जाताना मी मुद्दाम शाळेवरून जायची, अक्षरं पुसली तर नाहीत ना ते पाहायला.

आणि मी नापास झाले.

लेखी सगळे पेपर सुटले. प्रात्यक्षिकात गेले. कारण प्रयुक्त म्हणून मी यजमानांना नेलं होतं, आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला शब्द-साहचर्याचा प्रयोग आला. सोपा असतो. आपण एक शब्द उच्चारायचा, प्रयुक्तानं मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आपण वेळ मोजायची. दूध म्हटलं की तो म्हणतो पांढरं, दिवस म्हटलं की म्हणतो रात्र. लहान लेकरूही करेल.

आमच्या यजमानांचं पाण्याच्या मोटारींचं आणि पाइपांचं दुकान आहे. पंचवीस वर्षं ते काउंटरच्या मागं उभे आहेत.

“पाणी,” मी म्हणाले.

“किती फुटावर लागलं?”

“प्रश्न नाही विचारायचा. शब्द सांगायचा. झाड.”

“कायचं? संत्र्याचं असन तं ठिबक पाह्यजे.”

“आई.”

“काऊन, काय झालं आईले?”

“रात्र.”

“रात्रीची लाइन आहे का तुमच्याकडे? मंग मोठी मोटर घेऊ नका.”

बाहेरगावच्या परीक्षकांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी माझ्या वहीवर लाल शाईत लिहिलं, ‘प्रयुक्ताला सूचना समजल्या नाहीत.’ परतीच्या बसमध्ये यजमान दोन तास समजावत होते. “म्या कुठं चुकलो? समोरचा एक शब्द बोलला की पहिले त्याची अडचन विचारा लागते. असंच कसं उत्तर देऊन द्याव?” आज त्या खोलीत बसून विचार करते तेव्हा वाटतं, समुपदेशन म्हणजे काय हे वर्गातल्या कुणाहीपेक्षा त्यांनाच जास्त कळलं होतं. पण ते कळायला मला आधी पास व्हायला हवं होतं.

पुन्हा बसायची एकच संधी होती. त्यानंतर अभ्यासक्रम बदलणार होता, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि जून तर तोंडावर आला होता. या वेळी मी यजमानांना दुकानातच ठेवलं आणि शेजारणीला ठरवलं. धाडच्या पोह्यांची परतफेड म्हणून ती आनंदानं तयार झाली. परीक्षेच्या दिवशी सकाळी सात वाजता मी मेहकरच्या बसस्थानकावर वही, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उभी. सव्वासातला तिचा फोन.

“माय वं, पाहुणे येऊन राह्यले आता. लहान पुतनीले पाह्याले. कसं करू?”

“या वेळी मुलगा बोलतो का ते पाह्य,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. बुलढाण्याची बस फलाटाला लागली होती. माणूस कुठून आणायचा? मी चारी दिशांना पाहिलं आणि समोर बाकावर सासरे दिसले.

त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. वय शहात्तर, पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी. ते मेहकरातल्या एका छापखान्यात चाळीस वर्षं होते. संगणक आला, छापखाना बंद झाला, तेव्हापासून रोज सकाळी ते बसस्थानकाच्या त्याच बाकावर पेपर वाचत बसायचे. घरात त्यांना कुणी काम सांगत नसे. आदरच म्हणायचा तो. त्यांना काम नाही, त्रास नाही, आणि काही विचारायचंही नाही. नातेवाइकांच्या लग्नाच्या पत्रिका मोबाइलवर यायच्या तेव्हा ते चष्मा सावरत म्हणायचे, “यात नवरदेवाच्या नावात एक वेलांटी चुकली.” आम्ही म्हणायचो, “राहू द्या मामाजी, गेली आता सगळ्यांना.” मग ते पत्रिका पुन्हा एकदा वाचायचे आणि मोबाइल परत द्यायचे.

“मामाजी, चला.”

“कुठी?”

“परीक्षेले.”

“कोनाच्या?”

“माझ्या. पन द्यायची तुम्ही.”

त्यांनी पेपराची घडी केली, काखेत मारली आणि बसमध्ये चढले. दुसरा प्रश्न नाही. मी मनात म्हटलं, प्रयुक्त असावा तर असा.

चिखली येईपर्यंत मी त्यांना नियम सांगितले. “मी म्हणेन तेवढंच करायचं. उलटे प्रश्न नाहीत. आपलं डोकं लावायचं नाही.” शेवटच्या नियमावर त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि पेपर उघडला.

प्रयोगशाळेत आम्ही सात-आठ जण होतो, ज्याचा-त्याचा माणूस समोर बसवून. आमच्या मॅडम, वयानं माझ्याहून दहा वर्षं लहान, माझ्याकडे काळजीनं पाहत होत्या. परीक्षक या वेळी दुसरे होते. बारीक, टापटीप, आणि चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचं शिक्षण घेतलेले. मी चिठ्ठी उचलली. आरशातलं रेखाटन.

मी मनात नाचले. इतका सुंदर प्रयोग दुसरा नाही. कागदावर दुहेरी रेषेची एक चांदणी छापलेली असते. दोन रेषांच्या मधल्या वाटेनं पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे पाहायचं नाही. हातावर पत्र्याचा आडोसा असतो, समोर आरसा असतो आणि आरशात पाहूनच चालायचं. आरशात सगळं उलटं. हात वर नेला की खाली जातो. पेन्सिल रेषेला शिवली की एक चूक. पहिल्या खेपेला भले भले वीस-पंचवीस चुका करतात, शिव्याही देतात. दहाव्या खेपेपर्यंत चुका चार-पाचवर येतात. मग आलेख काढायचा: चुकांची रेघ जिन्यासारखी खाली उतरते. सरावानं माणूस शिकतो, हे सिद्ध. वही द्यायची, घरी जायचं. हा प्रयोग फसतच नाही.

आधी वहीत प्रयुक्ताची माहिती भरायची असते. मी टेबलाच्या या बाजूला, मामाजी त्या बाजूला. नाव, वय, शिक्षण सातवी. व्यवसाय. मी क्षणभरही न थांबता लिहिलं, ‘निरंक’. सरकारी कागदावर जिथं काही नसतं तिथं आपण सगळे लिहितो तसं.

“सुरू,” मी म्हणाले आणि घड्याळ दाबलं.

आजूबाजूला लोकांच्या पेन्सिली चांदणीबाहेर भरकटत होत्या. कुणी “अरे बाप!” म्हणत होतं. मामाजींचा हात कोपऱ्याकोपऱ्यावर किंचित थांबत, वाटेच्या बरोबर मधून, शिवणयंत्राखालच्या कापडासारखा फिरला.

“झालं,” ते म्हणाले. “दुसरा कागद दे. आन छपाई फिक्की आहे, शाई कमी पडली.”

चुका: शून्य.

दुसऱ्या खेपेला शून्य. तिसऱ्या खेपेला शून्य, आणि वेळ आणखी कमी. चौथ्या खेपेलाही शून्य. जिना उतरायला आधी वर असावं लागतं. हा माणूस तर तळमजल्यावरच राहत होता.

“मामाजी,” मी दबक्या आवाजात म्हणाले, “हे कसं करून राह्यले तुम्ही? आरशात उलटं दिसतं ना!”

“तुले उलटं दिसत असन. मले तं हेच सरळ. खिळ्यावर अक्षर उलटंच राह्यते, सूनबाई. चाळीस वर्षं उलटं वाचलं तवा तुम्ही सुलटं वाचलं.”

आणि तेव्हा माझ्या सुशिक्षित डोक्यात उजेड पडला. छापखान्यात मामाजी खिळे जुळवायचे. शिशाचे ते बारीक खिळे, प्रत्येकावर एक अक्षर आरशातल्यासारखं कोरलेलं. ओळीच्या ओळी ते तशाच उलट्या वाचायचे, उलट्याच तपासायचे. अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात या प्रयोगाला सर्वांत नालायक माणूस कुठला, तर तो मी बसस्थानकावरून स्वतःच्या हातानं उचलून आणला होता. आणि त्याच्याच घरात मी सत्तावीस वर्षं राहत होते.

मला ती खडूची अक्षरं दिसली. मला व्हॉलीबॉलची जाळी दिसली. परीक्षक दोन टेबलं सोडून उभे होते. मी खाली वाकले आणि आयुष्यात कधी केली नसेल अशी विनंती केली.

“मामाजी, थोड्या चुका करा ना.”

“चुका?” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “म्या?”

“नाही तं मी नापास होईन.”

त्यांनी बोटानं माझ्या वहीकडे दाखवलं. टेबलाच्या त्या बाजूनं, उलट्या वहीकडे.

“चुका देतो. पन पहिले ते निरंक खोड.”

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. पहिल्या ओळीपासून त्यांनी सगळं वाचलं होतं. त्या चार शून्यांमध्ये नुसतं कौशल्य नव्हतं, माझ्या ‘निरंक’ला उत्तर होतं. मी ‘निरंक’ खोडलं. वर लिहिलं, ‘छापखान्यात खिळे जुळवणे, चाळीस वर्षे’.

“जुळवनारे म्हन,” ते म्हणाले. मी ‘जुळवणारे’ केलं. मग त्यांनी पेन्सिल उचलली.

पाचव्या खेपेला त्यांनी एक चूक केली. चांदणीच्या वरच्या टोकाला, नीट, बेतानं, रेषेला जरासा स्पर्श करून. माझ्याकडे पाहिलं.

“अजून,” मी कुजबुजले. सहाव्या खेपेला दोन. सातव्या खेपेला तीन. मी घाबऱ्याघाबऱ्या आकडे मांडत होते, आणि आठव्या खेपेच्या चार चुका लिहिताना माझ्या लक्षात आलं की रेघ जिना चढत चालली आहे.

“मामाजी, आता कमी करा, कमी!”

“आता कमी कशा करू? आता तं हात बसला,” ते उत्साहानं म्हणाले. त्यांना मजा यायला लागली होती. नवव्या खेपेला पाच. दहाव्या खेपेला सहा, आणि सहावी चूक तर अशी झोकात की शेजारच्या टेबलावरचा प्रयुक्त आपली चांदणी सोडून पाहायला लागला.

परीक्षक आले. त्यांनी माझा आलेख हातात घेतला, सरळ पाहिला, मग उलटा करून पाहिला.

“तुमचं गृहीतक काय होतं, ताई?”

“सरावानं कौशल्य वाढतं, सर.”

“आणि इथं चुका वाढल्यात. एक, दोन, तीन, चार, अशा क्रमानं. माझ्या इतक्या वर्षांत चुका अशा रांगेत उभ्या राहिलेल्या पाहिल्या नाहीत.”

“बेरजेले सोप्या जातात,” मामाजी म्हणाले.

परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं. भला माणूस होता. त्यांनी मला एक दोर टाकला, कारण पुस्तकात याचं उत्तर आहे आणि ते उत्तर म्हणजे थकवा. “आजोबा, शेवटी शेवटी थकलात का हो?”

मी मामाजींकडे डोळ्यांनी हात जोडले. हो म्हणा. फक्त हाव म्हणा.

“थकतो कायले?” मामाजी म्हणाले. “सूनबाईनं मागतल्या म्हून देल्या.”

आमच्या मॅडमनी डोळे मिटून घेतले. मी नाटकात काम केलेली बाई आहे. गणेशोत्सवात तीन वर्षं मी खलनायिका होते, संवाद विसरला तर वेळ मारून नेता येते मला. पण त्या वेळी समोर आरसा होता, आणि त्यात मामाजी माझ्याकडे पाहत होते. शांतपणे, मी काय लिहिते ते वाचायला तयार. या माणसापासून काहीच उलटं करून लपवता येणार नव्हतं.

“सर,” मी म्हणाले, “गृहीतक खरं ठरलंय. सरावानं कौशल्य वाढलं. फक्त ते चुका करण्याचं वाढलं. हे खिळे जुळवायचे, यांना आरशातलं आधीच येत होतं. येत नव्हतं ते चुकणं. ते मी शिकवलं.”

परीक्षकांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, पत्र्याच्या आडोशामागं स्वतःचा हात घातला आणि नवा कागद घेऊन आरशात पाहून चांदणी काढायला लागले. अर्ध्या टोकावरच पेन्सिल रेषेबाहेर गेली आणि तिथंच गोल गोल फिरत राहिली.

“वर न्यायचं असन तं वरच न्या,” मामाजींनी सल्ला दिला. “आरशाचं आयकू नका, सर. तुम्ही शिकेल मानूस, म्हून तरास होऊन राह्यला.”

परीक्षकांनी पेन्सिल ठेवली. “प्रयुक्ताचं निवेदन लिहिलं का, ताई?”

प्रयोगानंतर प्रयुक्ताला काय वाटलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं असतं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं एकच वाक्य उतरवतो: सुरुवातीला गोंधळल्यासारखे वाटले, नंतर आत्मविश्वास आला. या वेळी मी खरंच विचारलं.

“काय वाटलं, मामाजी?”

“लिही. बऱ्याच दिवसानं कोनी काम सांगतलं. आन छपाई फिक्की आहे, ते बी लिही.”

मी दोन्ही लिहिलं. मग सगळा प्रयोग जसा झाला तसा लिहिला, मी चुका मागितल्याचं धरून, ‘निरंक’ खोडल्याचं धरून. परीक्षकांनी ते उभ्यानंच वाचलं, गुणांच्या तक्त्यात माझ्यापुढं एक आकडा टाकला आणि तक्ता लगेच कागदाखाली सरकवला. मला फक्त त्यांचा हात हललेला दिसला.

मामाजी टेबलाच्या त्या बाजूला बसले होते.

बस चिखलीच्या बाहेर पडेपर्यंत मी धीर धरला.

“मामाजी, किती देले?”

“कोनी?”

“तुम्ही पाह्यला आकडा. मला माहीत आहे, तुम्ही पाह्यला.”

“हाव, पाह्यला.”

“मग सांगा ना!”

“छापखान्यातलं बाहेर सांगत नसतात,” ते म्हणाले. “कोनाची पत्रिका, कोनाचं हँडबिल, प्रश्नपत्रिका बी जुळवल्या म्या. तुह्या नवऱ्याच्या शाळेची जुळवली होती एका वर्षी. त्यालेही नाही सांगतलं.”

“मग ते पास झाले?”

“नापास झाला.”

एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला. मी त्यांना शपथ घातली, पेढा देऊ केला, थोडं रडूनही दाखवलं. घरी सासूबाईंना मध्ये घातलं. काही उपयोग झाला नाही. पुढचा सव्वा महिना तो माणूस माझ्यासमोर दोन वेळा जेवायला बसत होता, डोक्यात माझा निकाल घेऊन, आणि वरण वाढ म्हणत होता. जून उजाडला. मुख्याध्यापिका बाईंचा दोनदा फोन आला. खोलीच्या दारावरचं ‘समुपदेशन’ पावसाच्या झडीनं अर्धं पुसलं.

शेवटी गुणपत्रिका आली. कॉलेजातून मी ती पाकिटात घालून, न उघडता, थेट मेहकरला आणली. उघडायचा धीर नव्हता. बसस्थानकावर उतरले तर मामाजी बाकावर. मी पाकीट त्यांच्यापुढं धरलं.

“आता तं सांगा. आता छापून झालं.”

“हाव, आता झालं,” ते म्हणाले आणि पाकिटाला हात न लावता बोलले, “प्रात्यक्षिकात बासष्ट.”

मी पाकीट फाडलं. बासष्ट. मी त्या बसस्थानकावर, कंडक्टर आणि भेळवाल्यासमोर, खलनायिकेला शोभणार नाही अशी ओरडले. मामाजींनी गुणपत्रिका माझ्या हातातून घेतली, चष्मा वर केला आणि वरून खालपर्यंत शांतपणे वाचली. मग वर परत गेले.

“सूनबाई, तुह्या नावात एक अक्षर कमी आहे.”

होतं. खरंच कमी होतं.

शाळेनं तो कागद चालवून घेतला. मी आता आठवड्यातून दोन दिवस त्या खोलीत बसते, जाळी अजून कोपऱ्यात आहेच. मुलं येतात, कधी आईबाप येतात. बरेच जण मला आवडेल तीच चूक तयार करून आणतात. मी मोबाइल फार पाहतो, मॅडम. मी उलट बोलते, मॅडम. एका पाठोपाठ एक, बेरजेला सोप्या. मग मी माहितीच्या कागदावर वडिलांच्या व्यवसायापुढं ‘निरंक’ लिहिलंय का ते आधी पाहते, आणि लिहिलं असेल तर तिथून बोलायला सुरुवात करते. कुणी एकच शब्द बोललं, तर यजमानांसारखं विचारते, काऊन, काय झालं?

नावदुरुस्तीचा अर्ज मी केला. विद्यापीठातल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, एका अक्षरानं काय अडतं? माझं खरंच काही अडत नाही. पण शनिवारी शाळा सुटल्यावर मी बसस्थानकावरून येते तेव्हा मामाजी पेपर खाली घेतात आणि चष्म्यावरून पाहत विचारतात.

“आलं का अक्षर?”

“नाही, मामाजी.”

“मंग अजून छापून झालं नाही,” ते म्हणतात, आणि पेढे वाटू देत नाहीत.